रेघ वर चालली, पण पोरगं पाणी मागतंय का?



गेल्या महिन्यात राजगडाच्या पायथ्याला पालीकडे आमचे जाणे झाले. गडाच्या पाली दरवाजामुळे हे नाव गड चढणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले असले तरी एस.टी.त बसणाऱ्या माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. वस्तीतली वंदना आटोपून आम्ही चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात एक भगिनी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन आमच्यापाशी आली. म्हणाली, "दादा, तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हाला इंग्रजी येत असंल. ह्यात माझ्या पोराचं काय लिहिलंय तेवढं सांगा."

मुलगा सहा वर्षांचा. बोलत नाही. पातेल्यावरचे झाकण गरगर फिरवत तासन् तास बसतो, हाक मारली तर वळत नाही, आणि काही बिनसले की भिंतीवर डोके आपटून घेतो. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला आहे. मराठीत ह्याला स्वमग्नता म्हणतात. वडील पुण्यात वॉचमनची नोकरी करतात. आठवड्यातून दोन दिवस ही माउली मुलाला घेऊन मार्गासनी, नसरापूर करीत पुणे गाठते. तिथल्या एका खाजगी केंद्रात मुलाला तासभर शिकवतात. सकाळी निघालेली बाई दिवेलागणीला परत येते. त्या दोन दिवसांची मजुरी बुडते आणि वर केंद्राची फी भरावी लागते.

केंद्रात शिकवणाऱ्या ताईंच्या हातात टॅबलेट असतो. मुलाने सांगितलेले केले की एक खूण दाबायची, नाही केले की दुसरी, हात धरून करवून घेतले की तिसरी. महिन्याच्या शेवटी त्या खुणांचा आलेख छापून आईच्या हातात देतात. आम्ही कागद पाहिले. डोळ्याला डोळा देणे, सांगितल्यावर खुर्चीवर बसणे, टाळी देणे, सगळ्या रेघा वर चाललेल्या. आम्ही आनंदाने म्हणालो, "ताई, प्रगती चांगली आहे."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रेघ वर चाललीय ते मला पण दिसतंय, दादा. पण घरी तहान लागली की पोरगं अजून डोकंच आपटतंय. पाणी मागतंय कुठं?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर वाचले, जाणकारांना विचारले, आणि पुन्हा दोनदा पालीला जाऊन आलो. आजचे सदर त्यातूनच झाले आहे. आपल्या वस्त्यांतून अशी मुले आहेत. त्यांच्या आया गप्प बसतात, म्हणून ती दिसत नाहीत एवढेच.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगून टाकतो. स्वमग्नता हे कुणाचे पाप नाही, बाहेरची बाधा नाही, आणि पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ तर नाहीच नाही. पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना तथागतांच्या शिकवणीशी जुळत नाही, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात स्पष्ट मांडले आहे. तेव्हा आपल्या घरात तरी कुणी सुनेला हा टोमणा मारू नये. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर ह्या डॉक्टरांनी अशा अकरा मुलांची हकीकत प्रथम सविस्तर लिहिली. पुढे कित्येक वर्षे मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणत राहिले, की आईच्या थंड वागण्याने मूल असे होते. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञाने ती समजूत पुस्तक लिहून खोडून काढली. ह्या रिमलंडचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. मेंदूची घडण जन्माआधीपासूनच वेगळी होत जाते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे आता मान्य झाले आहे. शहाणे म्हणवणारेही आईला दोष द्यायला किती उतावीळ असतात, ते ह्यावरून कळावे.

आता त्या रेघांकडे वळू.

ह्या मुलांना शिकवण्याची जी पद्धत जास्त चालते तिला वर्तणूक उपचार म्हणतात. एखादे काम बारीक बारीक पायऱ्यांत तोडायचे, एकेक पायरी पुन्हा पुन्हा करवून घ्यायची, जमली की लगेच मुलाच्या आवडीचे काहीतरी द्यायचे. हात धुणे हे आपल्याला एक काम वाटते. त्यांच्या लेखी नळाशी जाणे, तोटी फिरवणे, हात ओले करणे, साबण घेणे, चोळणे, धुणे, तोटी बंद करणे, पुसणे अशी आठ कामे होतात. कुठल्या पायरीला मूल अडते ते नोंदीवरून कळते. म्हणून ह्या पद्धतीत पहिल्यापासून लिहिण्याला फार महत्त्व आहे. पूर्वी शिक्षक कागदावर रेघोट्या ओढून मोजत आणि रात्री बसून आलेख काढीत. आता टॅबलेट ते काम जागच्या जागी करतो. दहा वेळा विचारले, किती वेळा आपणहून केले, किती वेळा खूण करावी लागली, किती वेळा हात धरावा लागला, सगळा हिशेब क्षणात तयार. बऱ्याच ठिकाणी दहापैकी आठ वेळा, तेही लागोपाठ काही दिवस जमले, की ती पायरी आली असे धरतात. दोन शिक्षक पाळीपाळीने शिकवत असले तरी नोंद एकाच ठिकाणी राहते. ही सोय खरीच आहे, तिला नावे ठेवायचे कारण नाही.

पण यंत्र मोजते ते आपण मोजायला सांगू तेवढेच. डोळ्याला डोळा देणे मोजा म्हटले की ते इमानदारीने तेच मोजणार. पोराला तहान लागली आहे, हे त्याच्या खात्यात कुठेच नाही.

ह्या उपचाराचा इतिहासही वाचकांना ठाऊक असावा. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इवार लोवास ह्या प्राध्यापकांनी १९८७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकोणीस मुलांना आठवड्याला चाळीस चाळीस तास, दोन वर्षे आणि त्याहून जास्त शिकवले. त्यांतली नऊ मुले साध्या शाळेच्या पहिलीत बरोबरीने चालू लागली, असे त्यांनी लिहिले. त्यावरून जगभर गाजावाजा झाला. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, हा आक्षेप त्यावर तेव्हापासून आहे. आणि ह्याच लोवासांच्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकात मुलांना थपडा मारीत आणि विजेचे झटकेही देत, हे लपून राहिलेले नाही. त्या काळच्या नोंदवह्यांतही रेघा वरच जात असतील. आज मोठी झालेली कित्येक स्वमग्न माणसे स्वतः सांगतात, की हात हलवू नको, डोळ्यांत बघ, गप्प बस, असे शिकवून आम्हाला दुसऱ्यांच्या सोयीचे बनवले आणि आमचे दुखणे आत राहिले. हे ऐकून घेतले पाहिजे. आज सगळी केंद्रे तशी नाहीत. चांगले शिक्षक मुलाच्या आवडीने, खेळातून शिकवतात. पण कागदावरच्या रेघेवरून ते ओळखता येत नाही.

ह्या ठिकाणी आम्हाला सावकाराची वही आठवली. आपल्या आज्या-पणज्यांचे अंगठे तिच्यात उमटलेले होते. वही त्यांच्याबद्दल होती, भोगायचे त्यांना होते, आणि आत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. आता त्यांची नातसून फी भरते, आणि स्वतःच्या पोराचा हिशेब इंग्रजी कागदावर घेऊन माणसे शोधत हिंडते. केंद्रातल्या ताई वाईट नाहीत. मुलाला त्या जीव लावतात, असे आईनेच सांगितले. पण हा कागद तुम्हाला समजला का, असे तिला आजवर एकदाही कुणी विचारले नव्हते.

मग आम्ही मिळून काय केले, ते सांगतो. पुतणी दहावीत आहे, तिच्याकडून शंभर पानांची वही आणवली. आईला विचारले, "केंद्राचे राहू दे, तुम्हाला पोराला काय यायला हवे आहे?" ती विचार न करताच म्हणाली, "पाणी मागता यावं. आणि कुठं दुखतंय ते सांगता यावं." दुसरे अवघड होते, म्हणून पहिले धरले. पेल्याचे चित्र पुठ्ठ्यावर चिकटवले आणि माठाशेजारी खिळ्याला टांगले. चित्र हातात दिले की लगेच पाणी, एक क्षणही थांबवायचे नाही. दिवसात जितक्या वेळा पाणी प्यायला दिले तितक्या खुणा वहीत करायच्या. आपणहून चित्र दिले तर भरलेला गोल. चित्राकडे बोट दाखवावे लागले तर अर्धा. हात धरून द्यायला लावले तर रिकामा. आजीला अक्षर येत नाही, पण गोल काढता येतो. आई लावणीला गेली तरी नोंद चुकली नाही. पहिला आठवडा सगळे रिकामे गोल होते. आई हिरमुसली. दुसऱ्या आठवड्यात अर्धे दिसू लागले.

वहीच्या मागच्या पानांवर दुसरी नोंद ठेवली होती, डोके आपटण्याची. किती वाजता, त्याच्या आधी काय झाले, नंतर आपण काय केले, एवढेच. शेजारपाजारचे सांगत होते, तिन्हीसांजेला होते म्हणजे बाहेरचे असणार, घोड्याची नाल बांधा, अंगारा लावा. पंधरा दिवसांच्या नोंदी पुढे घेऊन पुतणीने वाचल्या आणि तीच ओरडली, "काकी, कुकर!" जवळजवळ प्रत्येक संध्याकाळी आधीच्या रकान्यात भाताचा कुकर होता. शिट्टी त्या पोराच्या कानात सुईसारखी जात असणार. अशा कित्येक मुलांना आवाज, उजेड, अंगाला लागणारे कापड आपल्यापेक्षा फार जास्त बोचते. आता कुकर चढवायच्या आधी आजी नातवाला घेऊन अंगणात, पार रस्त्यापर्यंत जाते. डोके आपटणे अगदी थांबले असे नाही, पण त्या वेळचे पुष्कळ कमी झाले. जाता जाता विहारांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती करतो. पौर्णिमेला लाउडस्पीकरचा आवाज थोडा कमी ठेवला तर अशी मुले आणि त्यांच्या आया वंदनेला बसू शकतील. त्या का येत नाहीत, ह्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

वही झाली, मग फोनचे काय? फोन तर आज घरोघर आहे. डोंगराच्या कडेला रेंज येते-जाते, पण चित्रफीत काढायला रेंज लागत नाही. गोव्यात ह्या दिशेने एक मोलाचे काम झाले आहे. तिथली 'संगत' ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करते. तिने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या मंडळींनी मिळून, इंग्लंडच्या तज्ज्ञांच्या मदतीने, ६५ स्वमग्न मुलांच्या घरी एक पद्धत करून पाहिली. शिकवायला मोठे डॉक्टर नव्हते. तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. कार्यकर्ता घरी येई, आई आणि मूल खेळत असताना थोडा वेळ चित्रफीत काढी, आणि मग आईबरोबर बसून ती पुन्हा बघे. इथे बघा, तुम्ही थांबलात आणि त्याने तुमच्याकडे पाहिले. इथे तुम्ही घाई केलीत, तो वळला. अशा सहा महिन्यांत बारा बैठका. ह्या अभ्यासात मुलांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखेच पाडले होते. मुलाच्या वागण्याशी जुळवून घेणे आयांना जास्त जमू लागले आणि मुले आपणहून आईशी जास्त बोलू-खुणावू लागली, असे त्यात दिसले. २०१६ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिअॅट्री' ह्या नामांकित मासिकात छापून आले. ह्या पद्धतीला वर्तणूक उपचार म्हणत नाहीत, तिचा भर आई-मुलाच्या संवादावर आहे. सगळ्याच बाबतीत फरक पडला असेही नाही. पण आमच्या मनात राहिले ते वेगळेच. तिथे यंत्र आईला स्वतःचे मूल दाखवायला वापरले. मूल केंद्रात गेले आणि कागद घरी आला, असे तिथे नव्हते.

पालीच्या घरात पुतणी आता दर रविवारी पाच मिनिटांची चित्रफीत काढते. आधीची आणि आजची शेजारी शेजारी बघितली की आलेखाची गरज राहत नाही. चित्र दाखवून बोलायची सोय फोनवरही आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने 'जेलो' नावाचे फुकट साधन तयार केले आहे. चित्राला बोट लावले की फोन बोलतो, आणि मराठीतही बोलतो. मात्र एक ध्यानात ठेवा. लेकराची चित्रफीत घरात ठेवायची असते. गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकून कुणाची करमणूक करायची नाही. केंद्राने तुमच्या मुलाची माहिती यंत्रात भरली तर ती कुठे जाते, कोण बघते, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात केलेली आहे.

आणि रेघ आडवी राहिली तर? महिना झाला, दोन झाले, गोल रिकामेच, तर दोष कुणाचा? पाली साहित्यात चुल्लपंथकाची कथा आहे. (ही पाली म्हणजे भाषा. गावाचे नाव आणि हिचे नाव एक, हा आमच्या ह्या लेखातला योगायोग.) चुल्लपंथक भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक स्वतः विद्वान. त्याने धाकट्याला, तुझ्याने होणार नाही, घरी जा, असे सांगितले. तो रडत निघाला असता तथागतांनी त्याला थांबवले. गाथा पुन्हा घोकायला लावली नाही. एक स्वच्छ फडके हातात दिले आणि उन्हात बसून ते चोळायला सांगितले. फडके मळत गेले, ते त्याला डोळ्यांनी दिसले, आणि जे गाथेतून कळले नव्हते ते त्याला फडक्यातून कळले. वर्तणूक उपचाराचे जाणकारही आज हेच सांगतात. रेघ आडवी राहिली तर शिकवण्याची रीत बदला, मुलावर खापर फोडू नका. ज्या केंद्रात रेघ आडवी दिसल्यावर "तुम्ही घरी करून घेत नाही" असे आईलाच ऐकवतात, त्यांना ही कथा सांगायला हरकत नाही.

तेव्हा भगिनींनो, केंद्रात गेलात की लाजू नका, विचारा. माझ्या मुलाचे तुम्ही काय मोजता? ते त्याच्या कामाचे आहे की शिकवणाऱ्याच्या सोयीचे? कागद मराठीत का नाही? वाचता येत नसेल तर तोंडी समजावून का सांगत नाही? नोंदीची एक प्रत मागा. दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. जाण्यायेण्याचा खर्च झेपत नसेल तर अंगणवाडी आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या सरकारी पथकाला भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. हे पथक मुलाला जिल्ह्याच्या सरकारी केंद्राकडे पाठवू शकते आणि तिथे तपासणी-उपचाराला पैसे पडत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे त्यांत स्वमग्नताही आहे. प्रमाणपत्रासाठी चाळीस प्रश्नांची ठरलेली तपासणी होते. त्या वेळी घरची नोंदवही बरोबर न्या. डॉक्टर विचारतात "किती वेळा होते?", आणि आईला ऐन वेळी आठवत नाही. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेतून ह्या मुलांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. त्याची कागदपत्रे आणि खेटे ह्यांवर पुन्हा केव्हातरी सविस्तर लिहू, कारण तो एक स्वतंत्र वैताग आहे.

पालीची माउली आमच्या सांगण्यावरून वही घेऊन पुण्याच्या केंद्रात गेली. जाताना घाबरली होती, ताई रागावतील म्हणून. ताईंनी वही चाळली, कुकरचे पान वाचले आणि म्हणाल्या, "हे आम्हाला कधी कळलंच नसतं." आता टॅबलेटमध्ये पाणी मागण्याची नवी रेघ सुरू झाली आहे आणि टाळी देण्याची बंद केली आहे. कागद अजून इंग्रजीतच येतो. ताई म्हणतात, यंत्रात मराठी नाही. पण आता त्या प्रत्येक रेघेशेजारी पेनाने मराठीत लिहून देतात.

मागच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा मुलगा अंगणात झाकण फिरवत होता. आमच्याकडे त्याने पाहिले नाही. थोड्या वेळाने उठून आत गेला, खिळ्यावरचे चित्र काढून आणले, आणि जवळ बसलेल्या आम्हाला न देता लांब चुलीपाशी बसलेल्या आजीच्या हातात नेऊन दिले. आजीने आधी पाणी दिले, मग वही ओढून गोल काढला आणि तो भरताना आमच्याकडे बघून म्हणाली, "आजचा चौथा."